हँडलपासून स्कॅनरपर्यंत : मराठवाड्यातील मोटार-वीज दुरुस्तीचा इतिहास

पेट्रोलवर चालणारी मोटार सुरू होते तेव्हा वीज चार कामे करते. बॅटरीत ती साठलेली असते. तिथून जाड केबलने सेल्फमध्ये जाऊन ती इंजिन फिरवते. त्याच वेळी कॉइलमध्ये तिचा दाब वाढतो आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. इंजिन चालू झाले की डायनामो किंवा अल्टरनेटर खर्च झालेली वीज बॅटरीत परत भरतो. ही चार कामे मोटारीत एकदम आलेली नाहीत, एकेक करून येत गेली. प्रत्येक भरीने चालकाचे कष्ट कमी केले आणि बिघाडाला एक नवी जागा दिली. गाडी सुरू न होण्याचे कारण शोधणारा ऑटो इलेक्ट्रिशियन या बदलांबरोबरच घडला. गाडीतली वीज वाढत गेली तसतसा दोष कोणत्या क्रमाने शोधायचा याचा अनुभव साठत गेला, आणि तो अनुभव हेच या धंद्याचे खरे भांडवल आहे.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदावरीकाठचे, संत जनाबाईंचे गाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. परभणीहून परळीकडे जाणारा रस्ता आणि लोहमार्ग या गावातून जातात. मुंबई-पुण्यात कारखान्यांच्या आणि मोठ्या गॅरेजांच्या सावलीत वाढलेली मोटारदुरुस्तीची विद्या अशा तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली तेव्हा तिला इथल्या गरजांप्रमाणे वळण लागले. इथे डिझेलवरच्या वाहनांचा भरणा मोठा, ऊन कडक आणि मोठी बाजारपेठ लांब. त्यामुळे कोणते काम जास्त येणार, कोणता भाग आधी निकामी होणार आणि दुरुस्ती करायची की नवा भाग घालायचा, या प्रश्नांची उत्तरे इथे शहरापेक्षा वेगळी ठरली.

हँडलचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या. त्या काळच्या गाडीत विजेचे काम एकच होते, ते म्हणजे ठिणगी पाडण्याचे. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने १८९७ मध्ये मॅग्नेटो पहिल्यांदा वाहनाच्या इंजिनाला बसवला. १९०२ मध्ये त्याच कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. मॅग्नेटोत कायमचुंबक असतो. इंजिन फिरले की तो स्वतःच वीज निर्माण करतो, त्याला बॅटरी लागत नाही. दिवे कार्बाइडच्या वायूवर किंवा रॉकेलवर जळत. हॉर्न रबरी फुग्याचा असे.

अशी गाडी सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूने हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. ठिणगीची वेळ मागे-पुढे करणारी दांडी चालकाजवळ असे आणि हँडल मारण्याआधी ती मागे घ्यावी लागे. दांडी पुढे राहिली तर पिस्टन वर पोचण्याआधीच वायू पेटे, इंजिन उलटे फिरे आणि हँडलचा झटका मनगटावर बसे. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवून हँडल धरायचे, मुठीत आवळायचे नाही, ही शिकवण त्यातूनच आली.

या काळात दोष शोधणे सोपे होते, कारण जागाच मोजक्या होत्या. प्लग काढून त्याचे टोक इंजिनच्या धातूला टेकवायचे, हँडल फिरवायचे आणि ठिणगी पडते का ते पाहायचे. ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलचा, नाही दिसली तर प्लग, वायर किंवा मॅग्नेटोचा. एका परीक्षेत निम्म्या शक्यता बाजूला काढण्याची ही रीत पुढच्या सगळ्या शोधाचा पाया ठरली.

सेल्फचे आगमन

विजेवर इंजिन फिरवण्याचे काम अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी साधले. त्यांनी आधी गल्ला मोजण्याच्या यंत्रांना विजेची छोटी मोटर बसवली होती. सतत चालणारी मोटर मोठी असावी लागते, पण काही क्षणच चालणारी मोटर लहान असूनही मोठा भार उचलू शकते, हे त्यांच्या लक्षात आले. त्याच तत्त्वावर त्यांनी बनवलेला सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर आला. गाडीत विजेची साठवण, सेल्फ, दिवे आणि ठिणगी यांची एकत्र जोडणी त्यामुळे रूढ झाली. साठवणीसाठी लागणारी शिसे-ॲसिडची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्येच शोधली होती.

सेल्फ काही क्षणांसाठीच बनवलेला असतो ही गोष्ट आजही महत्त्वाची आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना शंभर अँपिअरच्या पुढे करंट ओढतो. डिझेल इंजिनाला त्याच्या कितीतरी पट लागतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ किल्ली दाबून धरली तर सेल्फची गुंडाळी तापते, ब्रश जळतात आणि बॅटरी उतरते. मग मूळ दोष पेट्रोलचा असला तरी त्यावर विजेच्या दोन नव्या दोषांची भर पडते. थोडा वेळ सेल्फ मारायचा आणि मग गाडीला विश्रांती द्यायची, हा नियम म्हणून यंत्राच्या घडणीतूनच आलेला आहे.

सुरुवातीच्या बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातील विलिज जीपही ६ व्होल्टचीच होती. तेवढेच काम निम्म्या दाबावर करायचे तर करंट दुप्पट लागतो, त्यामुळे टर्मिनलवरची थोडीशी बुरशी किंवा सैल नट गाडी अडवायला पुरे होई. १९५० च्या दशकात जगभर १२ व्होल्टची पद्धत रुळली आणि हा त्रास कमी झाला, पण संपला नाही. ब्रिटिश पद्धतीच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे आणि पुढे ऋण टोक जोडण्याची रीत आली. दोन्ही पद्धतींच्या गाड्या एकाच गॅरेजात येत असताना बॅटरी काढण्याआधी अर्थ कोणत्या टोकाला आहे हे पाहून ठेवणे कारागिराला भागच होते.

निजामाच्या राज्यातील मोटारी

गंगाखेड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात सार्वजनिक बसवाहतूक १९३२ मध्ये सुरू झाली. निजामाच्या रेल्वेच्याच एका विभागाने २७ बसगाड्या घेऊन ती चालवायला घेतली. रेल्वेच्या शिस्तीत वाढल्याने या सेवेत गाडीची ठरावीक वेळी तपासणी आणि डेपोतली कार्यशाळा यांना पहिल्यापासून स्थान मिळाले. नोव्हेंबर १९५१ मध्ये ही सेवा हैदराबाद सरकारकडे आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाल्यावर इथली बसवाहतूक मुंबई राज्याच्या एसटीला जोडली गेली. त्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती.

मराठवाड्यात मोटार-वीज दुरुस्तीचे शिक्षण पसरण्यात एसटीचा वाटा मोठा आहे. बस वेळेवर सुटली पाहिजे ही रोजची गरज असल्याने डेपोत बॅटऱ्यांची निगा, सेल्फ आणि डायनामोची दुरुस्ती ही कामे नेमाने चालत. पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथे एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानंतर अशा कार्यशाळांत आणि डेपोंत ऑटो इलेक्ट्रिशियनचे शिकाऊ उमेदवार घेतले जाऊ लागले. एकीकडे हे शिक्षण आणि दुसरीकडे गॅरेजात मिस्त्रीच्या हाताखाली काढलेली वर्षे, असे या धंद्यात येण्याचे दोन रस्ते तयार झाले.

देशी सुटे भाग आणि दुरुस्तीची परंपरा

स्वातंत्र्यापूर्वी गाडीतील विजेचे बहुतेक सामान परदेशातून येई. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. १९५० च्या दशकात सरकारने फक्त जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना आळा घातला आणि देशी उत्पादनाला उत्तेजन दिले. बंगळूरला १९५१ मध्ये मायको स्थापन झाली. तिथे प्लग आणि डिझेलचे पंप बनू लागले, आणि पुढे नाशिकलाही तिचा कारखाना आला. मद्रासजवळ पाडी इथे १९६० च्या दशकाच्या आरंभी लुकास-टीव्हीएसचे सेल्फ आणि डायनामो तयार होऊ लागले.

तरीही अनेक वर्षे नवा भाग सहज मिळत नसे. गंगाखेडसारख्या गावाहून मोठी बाजारपेठ म्हणजे नांदेड, औरंगाबाद किंवा हैदराबाद. या टंचाईतून दुरुस्तीची एक सखोल परंपरा उभी राहिली. सेल्फ उघडून कार्बन ब्रश बदलणे, बुश घालणे, कम्युटेटर लेथवर घासून त्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली उतरवणे, जळलेले आर्मेचर नव्या तारेने बांधणे ही कामे कारागिराच्या नेहमीच्या हातची होती.

बॅटरीही उघडता येई. तिची पेटी कठीण रबराची, वरून डांबराने बंद केलेली असे. एका घराला, म्हणजे सेलला, दुसऱ्याशी जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या दिसत. त्यामुळे प्रत्येक घर वेगळे तपासता येई : दोन टोकांचे जड भाराचे चाचणी-उपकरण लावायचे आणि कोणते घर दम सोडते ते पाहायचे. मेलेले घर सापडले की डांबर वितळवून त्यातल्या प्लेटा बदलत. ॲसिडची घनता हायड्रोमीटरने मोजत. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १.२५ ते १.२८ च्या दरम्यान असते आणि पार उतरलेल्या बॅटरीत १.१२ च्या आसपास येते. पाच घरांत घनता सारखी आणि सहाव्यात कमी असेल, तर त्या घरातच दोष आहे हे सिद्ध होई. पुढे प्लॅस्टिकच्या बंद पेट्या आल्या तसा बॅटरीच्या आत जाण्याचा हा मार्ग बंद झाला.

या कामाची किंमत कारागिराच्या शरीरानेही मोजली. शिशाची धूळ आणि वाफ रक्तात साठते, मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडांना इजा करते. लहान मुलांना तर थोडे शिसेही घातक असते. चार्ज होत असलेली बॅटरी हायड्रोजन सोडते आणि जवळ ठिणगी पडली तर तिचा स्फोट होतो. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याचे नियम देशात २००१ मध्ये आले आणि २०२२ मध्ये त्यांची जागा अधिक व्यापक नियमांनी घेतली. अंगणात प्लेटा वितळवण्याची जुनी पद्धत या नियमांनी हद्दपार व्हायला हवी, कारण तिचा उपद्रव दुकानाबाहेरच्या घरांनाही होतो.

ठिणगीच्या बाजूची परीक्षाही याच काळात पक्की झाली. जुन्या फियाट, ॲम्बॅसेडर आणि पेट्रोल जीपमध्ये कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि डिस्ट्रिब्युटर अशी साखळी असे. पॉइंट बंद असताना कॉइलमधून करंट वाहतो. ते उघडले की करंट तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवावी लागे. फायबरची टाच झिजली की फट कमी होई आणि एके दिवशी गाडी सुरूच होत नसे. पॉइंट वारंवार जळत असतील तर संशय कंडेन्सरवर जाई. कॉइलची जाड वायर इंजिनपासून थोड्या अंतरावर धरली असता कडकडीत निळी ठिणगी पडली तर साखळी निरोगी, पिवळट आणि अशक्त पडली तर तिच्यात दोष, अशी खूण होती. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता टोपीवरच उतरते. टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसणे हा पावसाळ्यातला पहिला उपाय होता.

डिझेल, ऊन आणि थंडी

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात मोटार-विजेचे काम वाढवले ते ट्रॅक्टर, ट्रक, बस आणि प्रवासी जीप यांनी. महिंद्राच्या जीपांना १९८० च्या दशकात पेजो कंपनीच्या आराखड्याची डिझेल इंजिने बसू लागली. १९९४ मध्ये टाटा सुमो, २००० मध्ये बोलेरो आणि २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, ही वाहने आली. ऊस कारखान्यापर्यंत नेणारे ट्रॅक्टर गाळपाच्या हंगामात दिवसरात्र चालतात आणि त्या दिवसांत एक गाडी बंद पडली तरी तोडलेला ऊस वाळतो, शेतकऱ्याच्या उसाचे वजन घटते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. म्हणून पॉइंट, कॉइल, डिस्ट्रिब्युटर हे सगळे प्रकरणच तिथे नाही. मात्र हवा दाबण्यासाठी इंजिन जोरात फिरावे लागते, त्यामुळे बॅटरी, केबल आणि सेल्फ यांच्यावर सारा भार येतो. सेल्फ हळू फिरला तर हवा पुरेशी तापत नाही आणि सगळे भाग चांगले असूनही इंजिन पेट घेत नाही. काही इंजिनांत सुरू करण्याआधी हवा तापवायला हीटर प्लग असतात. त्यांतला एखादा जळला तर सकाळी गाडी कुरकुर करते आणि दुपारी नीट चालते. इंजिन बंद करण्याच्या सॉलेनॉइडची वायर तुटली तरी अनेक डिझेल गाड्यांना इंधन मिळत नाही. डिझेल गाडीच्या कारागिराचे निदान म्हणून सेल्फच्या आवाजापासून सुरू होते.

हवामानाचा परिणाम बॅटरीवर सरळ होतो. परभणीच्या परिसरात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री राज्यातल्या सर्वात थंड ठिकाणांत परभणीचे नाव वारंवार येते. उन्हाने ॲसिडमधले पाणी उडते, प्लेटांची जाळी गंजते आणि बॅटरीची ताकद कायमची घटते. गरम इंजिनला थोडाच जोर लागत असल्याने ही घट उन्हाळ्यात जाणवत नाही. थंडीत इंजिनातले ऑइल घट्ट होते, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि मेमध्ये झिजलेली बॅटरी जानेवारीच्या पहाटे दगा देते. उन्हाळ्यात पाण्याची पातळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घालणे हा हिवाळ्यातल्या बिघाडावरचा सर्वात स्वस्त इलाज आहे.

बॅटरी चार्ज करण्याच्या दुकानाला स्वतःला वीज लागते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि गंगाखेडच्या शेजारच्या परळीत औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. गावे विजेला जोडली गेली तशी चार्जिंगची दुकानेही गावोगाव निघू शकली. २००० नंतरच्या दशकात भारनियमनाने घरोघरी इन्व्हर्टर आणले आणि बॅटरीच्या कारागिरांना गाड्यांच्या जोडीला घरांचेही काम मिळाले.

अल्टरनेटर आणि एक मोडायला लावलेली सवय

डायनामो इंजिन सावकाश चालत असताना फारशी वीज देत नाही. त्याच्या जोडीला कटआऊट लागतो, नाही तर इंजिन थांबल्यावर बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहते. कटआऊटचे पॉइंट चिकटले की रात्रभरात बॅटरी उतरते. सकाळी बॅटरी मेलेली आढळली तर जुना कारागीर कटआऊट तपासत असे. १९६० च्या दशकात परदेशांत आणि पुढे भारतात डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली. त्यातले डायोड उलटा प्रवाह अडवतात आणि कमी गतीवरही तो चार्जिंग करतो. डायनामोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व उरलेले असते, म्हणून तो रिकाम्या बॅटरीवरही धक्का दिल्यावर जागा होतो. अल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीतून थोडी वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली असेल तर धक्क्याने भागेलच असे नाही.

डायनामोच्या काळात चार्जिंग होते का हे पाहण्यासाठी चालू गाडीची बॅटरी काढून बघण्याची सवय होती. गाडी चालत राहिली तर डायनामो ठीक. अल्टरनेटरच्या गाडीत हीच सवय महाग पडते. बॅटरी अचानक सुटली की दाब उसळतो, डायोड फुटतात, आणि इलेक्ट्रॉनिक गाडीत इंजिनचे नियंत्रण करणारा ईसीएमही निकामी होऊ शकतो. योग्य तपासणी साधी आहे : इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर धरायचा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि लहान मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन फवारा आला. पॉइंट गेले, इंधनाचा पंप विजेवर चालू लागला, आणि ठिणगी कधी पाडायची हे क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर सांगू लागला. हा सेन्सर बंद पडला तर सेल्फ जोरात फिरूनही ठिणगी किंवा इंधन मिळत नाही. चोरी रोखणारा इमोबिलायझर किल्लीतली चिप ओळखत नसेल तरीही इंजिन पेट घेत नाही.

स्कॅनरचे युग

गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवण्याची पद्धत अमेरिकेत रुळली आणि १९९६ पासून तिथल्या नव्या गाड्यांना एकाच प्रमाणित जोडणीची सक्ती झाली. भारतात बीएस-४ या प्रदूषण-नियमांबरोबर २०१० मध्ये या पद्धतीची पहिली पायरी आणि २०१३ मध्ये दुसरी पायरी आली. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ देशभर लागू झाले. आता स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचता येतो. फोनला जोडता येणारी स्वस्त उपकरणेही तेवढे काम करतात.

मात्र स्कॅनर दोषी भागाचे नाव सांगत नाही, कोणत्या मार्गावर गडबड आहे एवढेच सांगतो. पी ०३३५ हा कोड क्रँकशाफ्ट सेन्सरच्या मार्गाचा आहे. त्यात सेन्सर खराब असू शकतो, त्याची वायर उंदराने कुरतडलेली असू शकते, किंवा जोडणीच्या पिनेत गंज असू शकतो. कोड वाचून सरळ सेन्सर बदलणारा कारागीर कधी बरोबर निघतो, कधी ग्राहकाचे पैसे वाया घालवतो. बॅटरीचा दाब पडल्यामुळेही अनेक खोटे कोड उमटतात, म्हणून स्कॅनर लावण्याआधी बॅटरी तपासावी लागते.

शोधाचा क्रम

साधने बदलली तरी तपासाचा क्रम टिकून आहे. त्याचे सूत्र असे : सोपे आधी, अवघड नंतर, आणि प्रत्येक परीक्षेने निम्म्या शक्यता बाजूला काढायच्या.

किल्ली फिरवल्यावर काय होते हे पहिले. काहीच झाले नाही तर दिवे लावून पाहायचे. दिवेही लागत नाहीत म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सुटले आहे. दिवे प्रखर आहेत आणि सेल्फ मुका आहे, तर बॅटरी निर्दोष समजून किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, सेल्फच्या सॉलेनॉइडची वायर आणि सेल्फचे ब्रश तपासायचे. दिवे लागलेले असताना सेल्फ मारताच ते मंद झाले तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अडकला आहे. ते एकदम विझले तर टर्मिनल किंवा अर्थ सैल आहे. सॉलेनॉइडची सलग टकटक बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीची खूण असते, आणि एकच जोराचा ठोका येऊन शांतता पसरली तर संशय सेल्फवर जातो.

मीटर असेल तर अंदाजाला आकड्याचा आधार मिळतो. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ व्होल्टच्या जवळ आली तर तिच्यात फारसे उरलेले नाही. सेल्फ फिरत असताना दाब साडेनऊ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरीवर भाराची चाचणी घ्यावी. केबल तपासताना मीटर तिच्या दोन टोकांवर लावून सेल्फ मारायचा : चांगल्या केबलवर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी फरक दिसतो. हीच चाचणी इंजिन आणि बॉडी यांच्यातल्या अर्थच्या पट्टीवर करायची. बॅटरीतून निघालेला करंट परत बॅटरीत यायलाच हवा. जाण्याची वाट सगळे पाहतात, परतीची वाट राहून जाते. रंग, गंज किंवा सैल बोल्ट यांनी ती अडलेली असेल तर नवी बॅटरी आणि नवा सेल्फ घालूनही गाडी तशीच राहते.

सेल्फ नीट फिरत असेल आणि इंजिन पेट घेत नसेल, तर ठिणगी आणि इंधन यांचा निवाडा करायचा. इलेक्ट्रॉनिक गाडीत किल्ली लावताच इंधन पंपाचा दोनएक सेकंदांचा घरघर आवाज ऐकू येतो. तो नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी पाहायचा. किल्लीच्या खुणेचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर तपासायचा. बॅटरी रोज रात्री उतरत असेल, तर गाडी बंद करून थोडा वेळ थांबायचे आणि अँपिअर मीटर लावून गुप्त खर्च मोजायचा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या वर राहिला तर एकेक फ्यूज काढून तो कुठे घटतो ते पाहायचे.

सुरक्षेचे नियम या क्रमाचा भाग आहेत. बॅटरी सोडताना अर्थचे टोक आधी आणि जोडताना शेवटी. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना शेवटची क्लिप मेलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूवर लावायची, म्हणजे ठिणगी हायड्रोजनपासून दूर पडते. सॉलेनॉइडवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ फिरवण्याची जुनी युक्ती गाडी गिअरमध्ये असल्यास जीवावर बेतते.

आजचा कारागीर

आयटीआयमध्ये आता मोटारीच्या वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. गावातल्या दुकानात मात्र टेस्ट लॅम्प, मीटर आणि स्कॅनर अजून शेजारी शेजारी असतात, कारण पंधरा वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर आणि कालची बीएस-६ गाडी एकाच दारी येतात. या कारागिराला सर्वात जास्त गरज वायरिंगच्या नकाशांची आणि मराठीतल्या चांगल्या तांत्रिक पुस्तकांची आहे. स्कॅनर पैसे देऊन मिळतो. कोडपासून तुटलेल्या वायरीपर्यंत पोचण्याची समज शिकवावी लागते.

विजेवर चालणारी मोटारही या नियमांच्या बाहेर नाही. तिच्यात प्लग नाही, सेल्फ नाही, पण नियंत्रक जागे करण्यासाठी बहुतेक अशा गाड्यांत १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. तिथेही तपास टर्मिनल, अर्थ आणि व्होल्ट यांच्यापासूनच सुरू होतो.